ढालीतली ढाल

माझ्या सासरी तलवार आहे. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये, टीव्हीच्या वर, दोन खिळ्यांवर ती आडवी ठेवलेली आहे. लग्न ठरण्याआधी आम्ही घर बघायला गेलो, तेव्हा पाण्याचे ग्लास यायच्या आधी तिची ओळख करून देण्यात आली. आम्ही इनामदार, आमचे पूर्वज सरदार होते. कुणाचे सरदार, कोणत्या लढाईतले, हे विचारायची पद्धत नाही. माझ्या वडिलांनी त्या दिवशी भाबडेपणाने विचारलं, "इनाम कुठल्या बाजूला आहे?" तर "कुळकायद्यात गेलं" असं उत्तर मिळालं. ते गेलं तेही इतकं स्वच्छ, की गावाचं नावसुद्धा मागे उरलं नाही.

खरं सांगायचं तर ती तलवार सारंगच्या काकांनी बँकेच्या गॅदरिंगमधल्या ऐतिहासिक नाटकासाठी आणली होती. हे मला सारंगनेच सांगितलं, लग्नाच्या पहिल्या महिन्यात. नवरे खरं बोलतात त्या काळात. आता त्यालाही ते आठवत नाही. दसऱ्याला तिची साग्रसंगीत पूजा होते आणि आम्ही इथे सिंगापुरात आंग मो किओतल्या आमच्या अकराव्या मजल्यावरून व्हिडिओ कॉलवर हात जोडतो.

माझे वडील, अण्णा, एसटीत कंडक्टर होते. कऱ्हाड आगार. खिशावर बिल्ला, खांद्याला चामड्याची पिशवी, हातात तिकिटांचा पत्र्याचा ट्रे आणि तिकिटाला भोक पाडायचा चिमटा. नोटा उभ्या घडी घालून बोटांच्या बेचक्यात धरायची त्यांची सवय निवृत्तीनंतरही गेली नाही. घरात चार पाहुणे जास्त झाले की अण्णा बसमधल्यासारखेच दारातून ओरडायचे, "चला, पुढं सरका, आत लई जागा हाय." आमचं घर दोन खोल्यांचं होतं. तरी जागा व्हायची.

गेल्या वर्षी अण्णा गेले. मी मिळेल ते विमान धरून पोचले. स्मशानात गुरुजींनी विचारलं, "मुलगा कोण?" मी म्हटलं, "मी आहे." त्यांनी माझ्या डोक्यावरून मागे पाहिलं, कुणी खरोखरचं उभं आहे का म्हणून. मला भाऊ नाही, बहीणही नाही. शेवटी अग्नी चुलतभावाने दिला. मी दोन हात अंतरावर उभी होते आणि माझ्या हातात कुणीतरी चपला सांभाळायला दिल्या होत्या.

दिवस झाल्यावर चुलतभाऊ म्हणाला, "ताई, तुला काय पाहिजे ते घेऊन जा." मी चिमटा घेतला. तो आता आमच्या इथल्या स्वयंपाकघरातल्या खणात असतो, लाटणं आणि किसणीच्या शेजारी. माझी सहा वर्षांची श्रिया त्याने घरातल्या सगळ्या कागदांना भोकं पाडते. विजेच्या बिलाला पाडते, पिझ्झाच्या जाहिरातीला पाडते. मी तिला कधी ओरडत नाही.

श्रिया चर्चच्या बालवाडीत जाते. हिंदू मुलगी चर्चमध्ये कशी, असं पुण्याहून विचारलं गेलं, पण इथल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर "शिस्त चांगली आहे" असं तिघींनी लिहिलं होतं आणि शिस्तीपुढे आपण धर्म बघत नाही. चर्च अगदी लहान आहे. इथे रबराचे मळे होते, मळ्याच्या कडेला गाव होतं, त्या गावाचं हे चर्च. मळा गेला, गाव गेलं, चारी बाजूंनी सरकारी इमारती आल्या. आता ते त्यांच्या मधोमध चुकून राहून गेल्यासारखं बसलेलं आहे.

त्याच्या पश्चिमेच्या भिंतीत रंगीत काचेची एक खिडकी आहे. मळ्याचा मालक कुणी व्हिटकोम नावाचा साहेब होता, तो मेल्यावर त्याच्या आठवणीसाठी बसवलेली. बाकीच्या चर्चमध्ये असतात तसे देवदूत वगैरे काही नाहीत. तिच्यावर साहेबाच्या घराण्याची ढाल आहे. निळ्या काचेवर तीन पांढरे बगळे, आणि त्या ढालीच्या पोटात आणखी एक छोटी लाल ढाल, तिच्यावर सोनेरी किल्ली. वर शिरस्त्राण, आणि शिरस्त्राणावर रानडुकराचं मुंडकं.

सासूबाई इथे तीन महिन्यांसाठी आलेल्या आहेत. पहिल्या दिवशी श्रियाला आणायला त्या माझ्याबरोबर आल्या, त्यांनी ते मुंडकं पाहिलं आणि तिथेच चपला काढून हात जोडले.

"वराह," त्या मला म्हणाल्या. "विष्णूचा तिसरा अवतार. बघ, साहेबाच्या देशातसुद्धा पोचलाय."

मी म्हटलं, "आई, ते शिकारीचं डुक्कर आहे."

"तुला काय माहीत? देवाचं कुणी असं डोक्यावर घेतं का उगाच?"

त्याच दिवशी पुण्याच्या भिशी ग्रुपवर फोटो गेला, खाली मजकूर: सिंगापूर येथील प्राचीन वराह. त्रेचाळीस जणींनी हात जोडले. एकीने तिथे राहायची सोय होते का असंही विचारलं.

तर या बालवाडीने पालकांना निरोप पाठवला. मुलांना खिडकी दाखवली आहे, आता प्रत्येक मुलाने घरच्यांच्या मदतीने आपल्या कुटुंबाची ढाल करायची. काळा पुठ्ठा, रंगीत जिलेटिनचा कागद. सगळ्या ढाली हॉलच्या खिडक्यांना लावणार. विषय: आम्हाला ज्यांची आठवण येते.

'घरच्यांच्या मदतीने' हे शब्द मराठी बापाने वाचले की मुलाचं काम संपतं. सारंग तुआसला एका इंजिनिअरिंग कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे. तिथे जहाजांचे अवाढव्य सुटे भाग वेळेवर होत नाहीत ते नाहीत, पण ही ढाल वेळेवर व्हायलाच हवी असं त्याने ठरवलं. रविवारी सकाळी त्याने लॅपटॉप टीव्हीला जोडला. पहिल्या स्लाइडवर 'प्रोजेक्ट ढाल' असं लिहिलं होतं. दुसरीवर टाइमलाइन. श्रिया सोफ्यावर बसून चिमट्याने नॅपकिनला भोकं पाडत होती. ज्याचा गृहपाठ त्याला मीटिंगला बोलावलेलं नव्हतं.

'इनामदार परिवार' या ग्रुपवर सूचना मागवल्या गेल्या. मोठ्या काकांनी तलवार अनिवार्य असल्याचं कळवलं. नाशिकच्या आत्यांनी हत्ती सुचवला. या घराण्याने आजवर पाळलेला सर्वांत मोठा प्राणी म्हणजे एक बोका, पण हत्तीला लगेच अंगठे मिळाले. न्यू जर्सीचा मुकुल म्हणाला पगडी हवीच. एक वहिनी, ज्यांना विषय कळलाच नव्हता, त्यांनी सुप्रभात पाठवलं. कुलदेवीच्या देवळाचं शिखर सासूबाईंनी घातलं. दुपारपर्यंत टीव्हीच्या पडद्यावर ढाल तयार: चार भाग, हत्ती, पगडी, शिखर, उगवता सूर्य, आणि चारी भागांवरून तिरकी गेलेली तलवार.

"आठवण कुणाची येते यात?" मी विचारलं.

"म्हणजे?" सारंग म्हणाला.

"विषय तोच आहे ना. तुला हत्तीची आठवण येते का?"

"अगं, सिम्बॉलिक असतं ते."

"बरं. यात अण्णा कुठे आहेत?"

सारंग दुष्ट नाही. त्याची अडचण एवढीच, की त्याला कुणाशीच भांडायचं नसतं, आणि घरात दोन बायका असल्या की त्यांतल्या जिच्याशी न भांडणं जास्त सोयीचं, तिच्या बाजूला तो नकळत सरकतो.

"अण्णांचं…" तो म्हणाला. "आता बघ, ही फॅमिली शील्ड आहे ना."

"मग?"

उत्तर सासूबाईंनी दिलं. त्या शेंगा सोलत होत्या. "विनीता, वाईट वाटून घेऊ नकोस. पण ही इनामदारांची आहे. लग्नात मुलीचं कुळ बदलतं, गोत्र बदलतं. हे काही मी ठरवलेलं नाही. तुझ्या वडिलांचं तुझ्या माहेरच्यांनी करायचं."

"माझ्या माहेरी मीच आहे."

"तेच म्हणते मी. भाऊ असता तर प्रश्नच नव्हता."

भाजीत मीठ कमी पडलंय, अशा आवाजात त्या हे म्हणाल्या. त्यात खोच नव्हती, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. माझ्या हातात त्या चपला पुन्हा आल्यासारखं वाटलं.

सारंगने मार्ग काढला. मॅनेजरच तो. "आपण असं करू, मागच्या बाजूला अण्णांचं नाव लिहू. ॲक्नॉलेजमेंटसारखं."

मागची बाजू खिडकीला चिकटणार होती. म्हणजे माझ्या वडिलांचं नाव ये-जा करणाऱ्या गाड्यांना दिसलं असतं. मी आत गेले, घासलेली भांडी पुन्हा घासली आणि नळ मोठा सोडून रडले. नऊ वर्षं मी या घरच्या तलवारीला कुंकू लावते. माझ्या बापाचा चिमटा तेवढा किसणीच्या शेजारी.

जेवताना श्रियाने विषय पुन्हा काढला. तिला मराठी कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं, आणि तेही इथलं इंग्रजी. आमटीभात कालवत ती म्हणाली, "मम्मी, कऱ्हाड आजोबा मस्ट गो मिडल."

"मिडल म्हणजे कुठे गं?"

"इनसाइड. लाइक द की." मग तिने आम्हा अडाण्यांना बालवाडीतल्या बाईंचं म्हणणं समजावून सांगितलं. "मिस गोह सेड, द सर्स वाइफ गॉट नो ब्रदर. सो हर डॅडी गो मिडल. इफ नॉट, नोबडी कॅरी हिम, लाह. मम्मी ऑल्सो नो ब्रदर, राइट?"

मी घास खाली ठेवला. सासूबाईंनी सारंगकडे पाहिलं. "काय म्हणतेय ती?"

सारंगने भाषांतर केलं. ते करताना तो मध्येच दोनदा पाणी प्याला. साहेबाच्या बायकोला भाऊ नव्हता. तिच्या वडिलांची ढाल पुढे न्यायला कुणी उरलं नाही, म्हणून ती साहेबाने आपल्या ढालीच्या मधोमध घेतली. त्यांच्यात तसा नियमच आहे म्हणे. भाऊ नसलेल्या मुलीचा बाप जावयाच्या ढालीत मध्ये जातो.

मला हसू आलं. दीडशे वर्षं साहेब आपल्या उरावर बसला. क्रिकेट शिकवून गेला, चहा शिकवून गेला, सहीशिक्क्याशिवाय पान हलू न देणं शिकवून गेला, आणि एवढा एक कामाचा नियम तेवढा बरोबर आठवणीने परत घेऊन गेला.

"त्यांच्यात असेल," सासूबाई म्हणाल्या. "त्यांच्यात काय वाटेल ते असतं."

"वराह तर आपला होता ना?" मी म्हटलं.

त्यांनी मला न विचारता ताक वाढलं.

वाद तिथेच मिटला, म्हणजे मिटवला गेला. सोमवारी सारंगने ढालीची फाइल तुआसला नेली. पुठ्ठा कंपनीच्या लेझरवर कापला, हत्तीच्या सोंडेला एकही कंगोरा नाही. घरी जिलेटिन चिकटवायची वेळ आली तेव्हा सासूबाईंनी मैद्याची खळ शिजवून आणली. आकाशकंदिलाला त्या हीच वापरतात, गोंदावर त्यांचा विश्वास नाही.

"आई, खळबिळ नको, डाग पडतात," सारंग म्हणाला आणि त्याने जपानी डबल टेप काढली. खळीची वाटी सासूबाईंनी झाकून फ्रिजमध्ये ठेवली. टाकली नाही. त्या काहीच टाकत नाहीत.

बुधवारी मी लवकर सुटले, म्हणून श्रियाला आणायला सासूबाई आणि मी दोघी गेलो. मुलं सुटायला वेळ होता. सासूबाई वराहाला नमस्कार करायला म्हणून आत गेल्या, पण या वेळी त्यांचं लक्ष वर नव्हतं. त्या मधल्या लाल ढालीकडे बघत होत्या. उन्हामुळे किल्ली अगदी पिवळीजर्द दिसत होती.

"ही तिच्या वडिलांची?" त्यांनी विचारलं.

"हो."

"काय करायचे तिचे वडील?"

"ते नाही लिहिलेलं."

"आणि हिचं नाव काय?"

काचेच्या तळाशी दोन ओळी आहेत, त्या मी वाचल्या. साहेबाचं नाव आहे, मळ्याचं नाव आहे, आणि शेवटी एवढंच, की ही खिडकी त्याच्या दुःखी पत्नीने बसवली. म्हणजे साहेबाचंही फार कौतुक करायला नको. बापाची किल्ली मधोमध, पण पदरचे पैसे घालून खिडकी बसवणारीचं नाव कुठेच नाही.

"नाव नाही लिहिलेलं," मी सांगितलं.

"हं," सासूबाई म्हणाल्या. परतताना त्या श्रियाचा हात धरून पुढे चालत होत्या आणि तिला हळू आवाजात काहीतरी विचारत होत्या. मी ऐकायचा प्रयत्न केला नाही. माझा राग अजून होता, आणि एवढा चांगला राग मला घाईने संपवायचा नव्हता.

शुक्रवारी पालकांना बोलावलं होतं. मी सारंगला सांगून टाकलं, की मी ऑफिसातून परस्पर येईन, सही करीन आणि जाईन. तो म्हणाला, "अगं, लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "काय म्हणायचं ते हत्तीला म्हणतील."

गेले तेव्हा हॉल भरलेला होता. पश्चिमेकडून ऊन येत होतं आणि ढाली चमकत होत्या. मला बघायचं नव्हतं, पण नजर गेलीच. झी हाओ नावाच्या मुलाच्या ढालीवर एक कढई आणि उलथनं होतं. त्याचे आजोबा हॉकर सेंटरमध्ये तळलेल्या नूडल्स विकायचे. एकीच्या ढालीवर शिवणयंत्र. एकाच्या ढालीवर नुसता एक दात होता, आजोबा दंतवैद्य होते की त्यांना एकच दात उरला होता, ते कळलं नाही. सगळं मुलांच्या हातचं, वाकडंतिकडं, आणि ज्याची आठवण येत होती तो माणूस लगेच कळत होता. या सगळ्यांच्या मधोमध तुआसला लेझरवर कापलेली आमची सरदारकी.

मी जवळ गेले आणि थांबले.

तलवारीचे दोन तुकडे झाले होते. एका टोकाला मूठ दिसत होती, दुसऱ्या टोकाला पातं. मधला भाग एका छोट्या ढालीखाली गेला होता. ती खाकी होती, कुरिअरच्या पाकिटाच्या कागदाची, कात्रीने कापलेली आणि एका बाजूला फुगलेली. तिच्यावर काहीच काढलेलं नव्हतं. नुसती भोकं होती. कडेने, मधे, जमेल तिथे, बारीक बारीक भोकं, आणि प्रत्येक भोकातून खालच्या जिलेटिनचा उजेड येत होता, कुठे लाल, कुठे पिवळा. भोकाचा आकार मी डोळे मिटूनही ओळखला असता. लहानपणी अण्णांच्या पिशवीतून तसल्या गोल टिकल्यांचा चुरा सांडायचा आणि मी तो कपाळाला लावायचे.

मला तिथेच, सगळ्या आयांच्या देखत, रडू आलं. मी ते आवरलं नाही.

सारंग माझ्या मागे येऊन उभा राहिला होता. त्याचं तोंड उघडं होतं. त्याला यातलं काही माहीत नव्हतं, हे उघड होतं. तेवढ्यात झी हाओचे वडील आले आणि त्याला म्हणाले, की मधली आयडिया फार छान आहे, उजेड कसा येतो बघा.

"येस, येस," सारंग म्हणाला. "लायटिंग इफेक्ट."

मॅनेजर कधी तयारीशिवाय सापडत नाही. पण मग त्याने माझ्याकडे पाहिलं, खिशातून रुमाल काढून दिला आणि हळूच म्हणाला, "मधेच बरे दिसतात अण्णा." मी रुमाल घेतला. माफ केलं नाही, पण रुमाल घेतला.

ढालीच्या खालच्या कडेला पांढरट ओघळ आला होता. मी बोट लावलं. ओलसर, बुळबुळीत. या हवेत इथे काहीच वाळत नाही. गोंद नव्हता तो, डबल टेप तर नव्हतीच. मैद्याची खळ होती.

सासूबाई कोपऱ्यात मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसल्या होत्या, गुडघे हनुवटीपर्यंत आलेले, पर्स मांडीवर घट्ट धरलेली. मी त्यांच्याजवळ गेले. नऊ वर्षांत मला त्यांच्याशी टोचून बोलायची इतकी सवय झाली होती, की साधं बोलायला शब्दच हाताशी नव्हते.

"आई, खळ तुम्ही लावलीत?"

"सकाळी श्रियाला सोडायला आले तेव्हा. टेप निघाली असती," त्या म्हणाल्या. "खळ धरून ठेवते."

"मोठे काका काय म्हणतील? तलवार तोडलीत तुम्ही."

"कुठली तलवार? गॅदरिंगची?" त्या म्हणाल्या. "मीच गेले होते भावजींबरोबर ती आणायला. घासाघीस करून घेतली."

मी त्यांच्या शेजारच्या बुटक्या खुर्चीवर बसले. मग त्यांनी पर्स उघडली. आत स्टीलची छोटी डबी होती, उरलेल्या खळीची, आणि वर्तमानपत्राच्या घडीत काहीतरी जपून ठेवलेलं. त्यांनी घडी उलगडली. हिरव्या जिलेटिनची एक बाटली, बोटाएवढी. तिच्यावर पांढऱ्या कागदाची उभी पट्टी चिकटवलेली, आणि पट्टीच्या कडेला कात्रीने पाडलेले दाते.

"ही काय?" मी विचारलं.

"औषधाची. पूर्वी अशी पट्टी असायची, डोसाची खूण. एक दाता म्हणजे एक डोस. माझे वडील वाईला डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. रात्री घरी बसून या पट्ट्या कापायचे, आम्ही मुलं दाते पाडायचो." त्यांनी बाटली उजेडाकडे धरली. "आमच्या सासूबाईंना ते कंपाउंडर आहेत हे कुणाला सांगितलेलं आवडायचं नाही. मेडिकल लाइनमध्ये आहेत म्हणायचं, असं ठरलं होतं. मग मी काहीच म्हणणं सोडून दिलं."

"मग ही लावली का नाहीत?"

"विचारलं ना तुझ्या मुलीला. ती नाही म्हणाली."

श्रिया हातात रसाचं खोकं घेऊन आमच्यासमोर उभी होती. तिला अजिबात अपराधी वाटत नव्हतं. "आजी गॉट थ्री ब्रदर्स," तिने मला सांगितलं. "सो कॅनॉट. रूल इज लाइक दॅट."

नियम तो नियम. माझ्या लेकीने आजोबांना आत घेतलं होतं आणि पणजोबांना दाराशी उभं केलं होतं, अगदी तितक्याच शांतपणे, जितक्या शांतपणे रविवारी शेंगा सोलता सोलता मला सांगण्यात आलं होतं. इनामदारांचं रक्त कुठेतरी असणारच. आणि मला एक क्षण बरं वाटलं, हेही सांगते. घ्या, म्हटलं. तुमचाच नियम, आता तुम्हीही सोसा. पण ते बरं वाटणं फार टिकलं नाही, कारण सासूबाई त्या हिरव्या बाटलीवरचा दुमडलेला दाता नखाने सरळ करत होत्या.

"बरोबर आहे तिचं," त्या म्हणाल्या. "तीन भाऊ आहेत मला. तिघांचीही पुण्यात मोठी घरं आहेत." मग घडी परत घालता घालता, "एकाच्याही भिंतीवर वडिलांचा फोटो नाही."

हे मराठीत होतं, पण श्रियाला कळलं. तिने रस ओढता ओढता विचार केला. खोक्यातून शेवटचा आवाज येईपर्यंत केला.

"नोबडी कॅरी?" तिने विचारलं.

"नाही गं," सासूबाई म्हणाल्या.

"देन कॅन," श्रिया म्हणाली.

मी सासूबाईंच्या हातातली डबी घेतली आणि झाकण उघडलं. आम्ही तिघी खिडकीपाशी गेलो. अडचण फक्त जागेची होती. हत्तीने एक कोपरा अडवला होता, शिखराला हात लावायचं धाडस सासूबाईंना होईना, आणि मध्ये अण्णा होते. खळ अजून ओली होती. मी खाकी ढालीच्या कडेला बोट लावलं आणि ती जपून डावीकडे सरकवली, बाटलीपुरती. अण्णांची काही हरकत नसती. जन्मभर त्यांनी लोकांना दुसरं काय सांगितलं?